फोटोत कोरा बोर्ड धरलेला तो मी

संपादक साहेब, नमस्कार आणि जय ख्रिस्त.

तुमच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर खाली कोपऱ्यात आमच्या मोर्चाचा फोटो आला, त्यात डावीकडून तिसरा, अर्धा छत्रीमागे गेलेला पोरगा म्हणजे मी. हेडिंग होतं 'स्त्रीभ्रूणहत्येविरोधात शेकडो ख्रिस्ती तरुण रस्त्यावर' आणि बातमीत दोनदा 'संतप्त' हा शब्द. साहेब, आम्ही शेकडो नव्हतो, ४२ होतो, पोह्याच्या प्लेटा सांगायचं काम माझ्याकडे होतं म्हणून आकडा पक्का आहे. त्यातले बारा-तेरा जण तर पन्नाशीच्या वरचे. संतप्त कोणीच नव्हतं, उपाशी आणि भिजलेले होतो. आणि मोर्चा स्त्रीभ्रूणहत्येविरोधात नव्हता, गर्भपाताच्याच विरोधात होता. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आमच्यातल्या निम्म्यांना पण हा फरक सांगता आला नसता, त्यामुळे तुमच्या वार्ताहराला काय बोलायचं.

फोटोत माझ्या हातातला बोर्ड कोरा दिसतो. दोघा-तिघांनी मेडिकलवर येऊन विचारलं की हे काय बुवा, कोरा बोर्ड घेऊन काय फिरत होता. फोटोग्राफरची चूक नाही ती, बोर्ड मीच उलटा केला होता. का केला ते सांगायला बसलो आणि दोन ओळींच्या दुरुस्तीचं हे एवढं मोठं पत्र झालं. छापायला जागा नसेल तर आकडा तेवढा दुरुस्त करा.

मी २४ वर्षांचा, डी. फार्म झालोय, तालुक्याच्या गावी एका मेडिकलवर बसतो, दुकान मालकाचं. घर तिथून नऊ किलोमीटर, पांढरकवडा-वणी पट्ट्यात, कापूस, तूर, सोयाबीन. घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. चर्चच्या तरुण संघात मी खजिनदार आहे म्हणजे पावत्या फाडतो आणि पोहे सांगतो.

आधी एक सांगून टाकतो म्हणजे कोणी भलता अर्थ काढायला नको. पोटातलं लेकरू हे लेकरूच असतं असं मी मानतो. लहानपणी संडे स्कूलमध्ये १३९ वं स्तोत्र पाठ केलं होतं, देवाने आईच्या पोटात मला घडवलं ते, तेव्हा नुसतं पाठ होतं. मागच्या वर्षी भाऊजी बाहेरगावी होते म्हणून ताईला सोनोग्राफीला मी घेऊन गेलो, भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ची पाटी, बाहेर बाकावर पंधरा बाया, आणि आत डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले तर घोडा पळत असल्यासारखा आवाज. ताई रडायला लागली आणि मी पंख्याकडे पाहत बसलो. तो आवाज ऐकल्यावर 'नुसता मांसाचा गोळा' असं कोणी म्हटलं तर माझ्याच्याने हो म्हणवत नाही. आजही नाही. म्हणून मोर्चाचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी हात मीच वर केला होता.

तारीख १० ऑगस्ट का, तर १९७१ साली गर्भपाताच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ती १० ऑगस्टला. २०२२ मध्ये दिल्लीत ह्याच तारखेला कॅथलिक लोकांनी मोर्चा काढला होता. आम्ही कॅथलिक नाही, पण यंदा तारीख रविवारी आली, उपासना झाली की सगळे आयतेच हजर, म्हणून आपण पण काढू असं ठरलं. आठवडाभर ग्रुपवर फोटो येत होते, सगळे अमेरिकेतले. गोरे लोक, मोठे मोठे बॅनर, बर्फ पडून राहिला. तिकडे १९७३ ला कोर्टाने दिलेला हक्क २०२२ ला कोर्टानेच काढून घेतला आणि त्यावर निवडणुका लढतात, म्हणजे तिकडची भानगडच वेगळी. इकडे आमच्या भागात बायांना असा कायदा आहे हेच माहीत नाही. गुन्हा आहे समजून त्या लपून जातात, आणि लपून जातात म्हणून भलत्याच्या हातात सापडतात. पण ग्रुपवर हे कोण लिहिणार, मी पण त्या फोटोखाली दोन हात जोडलेले इमोजी टाकून मोकळा.

बोर्ड रंगवायचं काम माझ्याकडे आलं कारण अक्षर बरं आहे. नऊ बोर्ड केले, कार्डशीट आणि मागे लाकडाची पट्टी. माझ्यासाठी ठेवला तो होता 'आई, मला मारू नकोस'. लाल रंगात. 'मारू' वर जरा जास्तच रंग लागला आणि ओघळ आला, सगळे म्हणाले राहू दे, बरं दिसतं.

आता मेडिकलवरची जूनमधली गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. पेरणीचे दिवस, दुपारी दुकानात कोणी नाही. एक माणूस आला, तिशीतला, मोटरसायकलवर मागे डीएपी खताची बॅग बांधलेली, चपलेला चिखल. आधी मागे वळून पाहिलं मग हळूच, "भाऊ, थे खाली कराची किट भेटन का?" मी चिठ्ठी मागितली. "चिठ्ठी कायची? साडेतीन महिने झाले तिले." आणि मग आपणच सांगायला लागला, "दोन पोट्ट्या हायेत घरी. हेबी पोट्टीच हाय म्हणे." मी म्हटलं, म्हणे म्हणजे कोण म्हणे? तो गप्प. काउंटरवरच्या च्यवनप्राशच्या बरण्या मोजत असल्यासारखं पाहत राहिला. मी त्याला सांगितलं की ह्या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतच चालतात आणि त्या पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, साडेतीन महिन्यांवर घरी घेतल्या तर रक्त जाऊन बायको हातची जाईल. तर म्हणे, "तुमी लय घाबरून राह्यले राजा." डोकेदुखीची एक स्ट्रिप घेतली, सुटे पैसे मोजून घेतले आणि गेला.

पुढच्या रविवारी तरुण संघात मी ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या, एका काकांनी पाठीवर हात ठेवला की बेटा तू एक जीव वाचवला. घरी येऊन जेवलो, झोपलो आणि रात्री दोन वाजता डोळे उघडले ते उघडेच. वाचवला म्हणजे काय केलं मी? तो माणूस काही घरी जाऊन बायकोचे पाय धरणार नव्हता. तो पुढच्या गावी गेला असेल, तिथे कोणी तरी चिठ्ठी न मागणारा भेटला असेल. ती बाई त्या वेळी शेतात सरकी टोबत असेल, तिला कोणी विचारलं पण नसेल की बाई, तुले काय पाह्यजे. मी पण नाही विचारलं. गाव कोणतं, नाव काय, गावात आशाताई आहे का, त्यांना सांगता आलं असतं, काहीच नाही. मी फक्त नाही म्हणालो आणि माझे हात कोरडे ठेवले.

त्या माणसाने पोटात पोट्टीच आहे हे आधी काढून आणलं, त्याला म्हणतात गर्भलिंगनिदान, तो गुन्हा आहे, आणि मुलगी आहे म्हणून पाडणं ह्यासाठी तुमच्या हेडिंगमधला शब्द आहे. आपल्या महाराष्ट्राने तर सगळ्या देशाच्या आधी, १९८८ लाच ह्या निदानाविरुद्ध कायदा केला, मग १९९४ ला केंद्राचा आला. तरी शून्य ते सहा वयातल्या हजार मुलांमागे मुली २००१ ला राज्यात ९१३ होत्या त्या २०११ ला ८९४ झाल्या, आणि आमच्या विदर्भातला बुलडाणा जिल्हा त्या सरासरीच्या पण खाली होता. त्या डीएपीवाल्या माणसासमोर बोर्ड घेऊन उभं राहायला सांगितलं असतं तर मी भर उन्हात दिवसभर उभा राहिलो असतो.

पण मोर्चा त्याच्या दारावरून गेला नाही ना. मोर्चा गेला चर्चपासून बसस्टँड, बसस्टँडवरून ग्रामीण रुग्णालय आणि तिथून तहसील.

पाऊस रिपरिप चालू. बसस्टँडवर एका पानठेल्यावरून कोणी तरी ओरडलं, "धर्मांतराचा मोर्चा हाय का बे?" आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. ती भीती वेगळीच आहे साहेब, आपण रस्त्यावर कशासाठी पण उतरलो तरी लोक आधी तेच विचारतात. पोलीसदादा दोन होते, चांगले होते, एकाने तर माझ्या हातातला बोर्ड वाचून विचारलं की हे पोट्ट्यांच्या विषयी आहे ना, म्हणजे मुलींच्या. मी हो म्हटलं. नाही म्हणून समजावत बसायला वेळ नव्हता. म्हणजे बघा, तुमच्या हेडिंगची सुरुवात माझ्यापासूनच झाली असेल.

रुग्णालयाच्या गेटवर आम्ही थांबलो, एक गाणं म्हणायचं होतं. रविवार म्हणून ओपीडी बंद, बाळंतपणाचा वॉर्ड तेवढा चालू. पत्र्याच्या शेडखाली बाकावर एक बाई एकटीच बसली होती. वीस-बावीसची असेल. साडीवर माणसाचा जुना फुल शर्ट घातलेला, आपल्याकडे बाया निंदणाला जाताना घालतात तसा, म्हणजे वावरातूनच आली असावी. हातात केसपेपर गोल गुंडाळून धरलेला. माझा बोर्ड बरोबर तिच्या समोर आला आणि ती वाचायला लागली. ओठ हलताना दिसत होते, एक एक अक्षर लावत होती, आ, ई, म, ला. इकडे गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं होतं आणि मी गातोय पण आणि तिच्या ओठांकडे पाहतोय पण. शेवटच्या शब्दापर्यंत आली. मग तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हातातला केसपेपर उलटा केला आणि मांडीखाली दाबून घेतला.

ती कशाला आली होती मला ठाऊक नाही. तापासाठी आली असेल, बहिणीचं बाळंतपण असेल. पण तिला वाटलं मी तिच्याशी बोलतोय. आणि खोटं काय त्यात, तिच्याशीच तर बोलत होतो. बोर्डावर 'आई' लिहिलं होतं, 'बाबा' लिहिलं नव्हतं. 'सासूबाई' नव्हतं, 'डॉक्टर साहेब' नव्हतं, 'मेडिकलवाल्या' नव्हतं. नऊच्या नऊ बोर्डांत कुठे पण नव्हतं, आणि ते सगळे माझ्या अक्षरात.

तेव्हा मी बोर्ड फिरवला. शेजारचा मित्र म्हणाला, काऊन रे उलटा धरला? मी म्हटलं रंग ओघळून राहिला. तहसीलपर्यंत तसाच कोरा धरून गेलो आणि तिथे तुमचा फोटो निघाला.

तहसीलच्या गेटवर बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी भाषण केलं. त्यांचं नाव लिहीत नाही, माणूस तळमळीचा होता. पण ते म्हणाले की आपल्या सरकारने नऊ महिन्यांपर्यंत लेकरू मारायला मोकळीक दिली आहे. असं नाहीये. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ ला दोन डॉक्टरांचं, आणि ते पण सगळ्यांना नाही तर बलात्कार झालेली, अल्पवयीन, मध्येच विधवा झालेली, अपंग अशा ठरवून दिलेल्या बायांना. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईला पण त्यात धरलं. २४ च्या पुढे बाळात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं, नाहीतर हायकोर्टात जावं लागतं, नागपूर खंडपीठातल्या अशा अर्जांच्या बातम्या तुमच्याच पेपरात येतात. मी डी. फार्मवाला, एवढं तर येतं मला. खाली उभं राहून वाटलं हात वर करावा. नाही केला. चर्चमध्ये भाषणाच्या मध्ये हात वर करायची आपल्याला सवय नाही.

घरी आलो तर आजी ओसरीवर वाती वळतात तशी शेवया वळत बसलेली. ८२ वर्षांची आहे, तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात आया होती, १९७१ च्या कायद्याच्या आधीपासून. मी तिला मोर्चाचं सांगितलं. तिला आधी एवढंच पाहिजे होतं की डोकं पुसलं का. मग म्हणाली, तवा बाया कशा येत ते तुले मालूम नाई. कोणी काडी घालून घेतलेली, कोणी कायची मुळी, अंगात ताप फणफणलेला, वास येऊन राह्यला, बैलगाडीत गवतावर टाकून आणत. चार आल्या तर एक वाचे. (ही आजीची आठवण आहे, आकडेवारी म्हणून धरू नका.) सरकारने १९६४ ला शांतीलाल शाह कमिटी नेमली ती अशा मरणाऱ्या बायांमुळेच, हे मी नंतर वाचलं, आजीला कमिटी-बिमिटी काही माहीत नाही.

मी विचारलं, मग तुझं काय मत, पाडणं बरोबर का चूक? ती म्हणे, चूकच नाई तं काय. आणि लगेच दुसऱ्या श्वासाला, "पण आमी दोघाईले वाचवाले पाहो. व्हरांड्यात सोडून देलेले लेकरं आमी पाजले, चमच्यानं. बोर्ड-फिर्ड नव्हते बाप्पा आमच्यापाशी."

कोणी म्हणेल म्हातारी जुन्या जमान्याची. असो. पण मला त्यावरून शाळेच्या पुस्तकातलं आठवलं. १८६३ ला जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, फसवलेल्या विधवांसाठी. त्यांना पण लेकरं मारली जाऊ नये असंच वाटत होतं, म्हणजे मुद्दा आमचाच म्हणा ना. त्यांनी पण भिंतींवर जाहिराती लावल्या होत्या. पण त्यात सांगितलेलं असायचं की बाई, इथे ये, गुपचूप बाळंत हो, मूल न्यायचं तर ने नाहीतर ठेवून जा. आणि असंच आलेलं काशीबाईचं मूल त्यांनी स्वतः दत्तक घेतलं, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. पंडिता रमाबाईंनी तर आपल्याच प्रभूच्या नावाने केडगावला अशा टाकलेल्या बायांसाठी घर उभं केलं. जोतिबांच्या जाहिरातीत पत्ता होता साहेब. आमच्या नऊ बोर्डांवर एक पत्ता नव्हता, एक फोन नंबर नव्हता.

आमच्या जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्याचं तुम्हाला सांगायला नको, कुमारी मातांच्या बातम्या तुमच्या पेपरात दर दोन-तीन वर्षांनी येतात. ठेकेदार, ट्रकवाले, बाहेरून आलेले लोक कोलाम आदिवासी पोरींना लग्नाचं सांगून फसवतात आणि निघून जातात. दोन वर्षांपूर्वी नाताळात आम्ही तिकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, ब्लँकेट वाटायला गेलो होतो. तिथे एक पोरगी होती, माझ्याहून लहान, कडेवर दीड वर्षाचा पोरगा. तिने पाडलं नाही. गावातल्यांनी सांगितलं होतं, कोणी पैसे पण देऊ केले होते, तरी नाही. म्हणजे आमच्या बोर्डावर जे लिहिलंय ते त्या पोरीने कोणी न सांगता करून दाखवलं. आणि आम्ही तिला काय दिलं? एक ब्लँकेट. आणि ब्लँकेट देताना फोटो. ती म्हणत होती अंगणवाडीत बापाचं नाव मागतात, दाखल्यावर काय लिहू, निराधारच्या फॉर्मला तलाठ्याकडे चार चकरा झाल्या. मला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे, २०१५ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अविवाहित आईला बापाचं नाव न देता पण मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे. आमच्या चर्चच्या मंडळीत दोन रिटायर्ड क्लार्क आहेत, एक वकील आहे, तिला एक अर्ज लिहून द्यायला अर्धा तास लागला असता. आम्ही गाडीत बसून चिवडा खात परत आलो.

आणि कोलामांच्या पोडाचं कशाला, आमच्या घरातलं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच मंडळीतल्या एका पोरीचं असं झालं. कोणी मोठ्याने बोललं नाही. पहिल्या रविवारी तिच्या बाकावर तिच्या शेजारी कोणी बसलं नाही, दुसऱ्या रविवारी तिच्या आईने प्रभुभोजन घेतलं नाही, तिसऱ्या रविवारी ते घर आलंच नाही. पोरगी मामाच्या गावी गेली, परत आली तेव्हा पोट नव्हतं आणि लेकरू पण नव्हतं आणि सगळे एकदम गोड बोलायला लागले, तब्येत कशी आहे वगैरे. तिने काय केलं ते सगळ्यांना कळलं होतं. तिला तसं करायला भाग कोणी पाडलं ते पण सगळ्यांना कळलं होतं, फक्त ते कोणी बोललं नाही. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो आणि तिच्या शेजारी न बसणाऱ्यांत मी पण होतो. दर नाताळात आपण नाटक बसवतो, मरिया लग्नाआधीच गरोदर, योसेफ तिला गुपचूप सोडून द्यायचा विचार करतो आणि मग देवदूत येऊन सांगतो की घाबरू नको. मी तीन वर्षं योसेफ केलाय. पाठ आहे सगळं.

हे मी मागच्या शनिवारी तरुण संघात बोललो. अर्धं बोललो, त्या पोरीचं नाही काढलं. एक मित्र म्हणाला तू कोमट झाला, बायबलमधल्या लावदिकीयाच्या मंडळीसारखा, ना थंड ना गरम. लागलं मला ते. पाळकसाहेब मात्र चिडले नाहीत. ते म्हणाले, बेटा, तुझं खरं आहे पण आपण बोर्ड पण नाही धरला तर पोटातल्या लेकराच्या बाजूने ह्या गावात बोलणारं कोण आहे? आणि साहेब, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच कोणी नाही. मेडिकलवर बसून मी पाहतो ना, लोक पिशवी साफ करून आणली असं सांगतात जसं गाडीची सर्व्हिसिंग करून आणली. म्हणून तर मी गेलो होतो. कायदा रद्द करा असं पण माझ्याने म्हणवत नाही, आजीची बैलगाडी डोळ्यासमोर येते. आणि ताईचा तो घोड्याचा आवाज पण कानातून जात नाही. हे दोन्ही घेऊन कुठे उभं राहायचं ते मला समजत नाही, उभं राहायला जागाच आखलेली नाही.

एवढं मात्र मी म्हटलं की पुढच्या वेळी बोर्डावर एक फोन नंबर टाकू. अडचणीत असलेल्या बाईने फोन करावा म्हणून. सगळ्यांना आवडलं, वा वा झालं. मग मी विचारलं, कोणाचा टाकायचा?

सतरा जण होतो. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. एक म्हणाला माझ्या फोनला वावरात रेंज नाही. एक म्हणाला बायको काय म्हणेल, रात्री-बेरात्री बायांचे फोन. एकाने आशाताईंचा टाकू म्हटलं, म्हणजे फुकटचं काम परत त्यांच्याच डोक्यावर. शेवटी पाळकसाहेब म्हणाले माझा टाक. तर मागून पाळकबाई बोलल्या, त्या चहा घेऊन आल्या होत्या, "टाका खुशाल. पण फोन उचलल्यावर सांगायचं काय? ये म्हणायचं तर ठेवायची कुठे? आपल्याकडे खोली एक आहे, त्यात पाहुणे." कोणी हसलं नाही, कारण त्या विनोद करत नव्हत्या. त्या पुढे म्हणाल्या, आणि ती म्हणाली लेकरू तुमीच घ्या, तर घेणार कोण? आमच्या १२० घरांत एकाने पण दत्तक घेतलेलं नाही. ख्रिस्ती माणसाला पूर्वी कायद्याने नीट दत्तक घेताच येत नव्हतं, १९५६ चा कायदा हिंदूंसाठी, आपल्याला नुसतं पालक होता यायचं, हे खरं आहे. पण आता बाल न्याय कायद्यात कोणत्या पण धर्माच्या माणसाला घेता येतं. बाईला ठेवायचं नसेल तर बालकल्याण समितीपुढे रीतसर देता येतं आणि मन बदललं तर ६० दिवस असतात. म्हणजे कायद्याचं कारण पण आता राहिलं नाही. हे मी सांगितल्यावर बैठक चहावर संपली.

आता संघाने वकीलसाहेबांकडून माहिती काढायची असं लिहून घेतलंय, जिल्ह्याला समितीचं ऑफिस कुठे बसतं, सरकारी वसतिगृह कोणतं, महिलांची १८१ हेल्पलाइन आहे तिच्यावर काय सांगतात. काम माझ्याकडेच आलंय, खजिनदाराकडे सगळंच येतं. दोन दिवसांपूर्वी १८१ ला स्वतः फोन लावून पाहायला घेतला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवला. गिऱ्हाईक नसतं तरी ठेवला असता बहुतेक, काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

बोर्ड मेडिकलच्या मागच्या खोलीत सलाईनच्या खोक्यांना टेकून ठेवलाय. कोऱ्या बाजूवर पेन्सिलने पट्टीने दहा आकड्यांची जागा आखून ठेवली आहे.

तर साहेब, दुरुस्ती एवढीच की आम्ही ४२ होतो, आणि मोर्चा गर्भपाताविरोधात होता. फोटोची मोठी कॉपी मिळत असेल तर किती पैसे लागतील ते कळवा, आजीला पाहिजे आहे, पेपरातल्यात माझं तोंड छत्रीमागे गेलंय म्हणते.

तुमचा नेहमीचा वाचक
(नाव-गाव छापू नये, मंडळी लहान आहे, सगळे ओळखतात)
जि. यवतमाळ